अमेरिकेच्या राज्यघटनेंतील एक अनुक्त शब्द

(१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना फिलाडेल्फिया येथें ता. १७ सप्टेंबर १७८७ रोजीं सह्या होऊन पुरी झाली. त्या वेळीं त्या देशांत गुलाम किती होते, हें तीन वर्षांनीं झालेल्या पहिल्या खानेसुमारीवरून कळतें. एकंदर सुमारें ३९ लक्ष माणसांपैकीं सुमारें ७ लक्ष माणसें तींत 'गुलाम' या सदराखालीं नोंदलेलीं आहेत. घटनेंतहि गुलामांविषयीं तीन स्वतंत्र कलमें आहेत. असें असतां 'गुलाम' किंवा 'गुलामगिरी' हा शब्द मूळ घटनेंत एकदाहि आलेला नाहीं. तो प्रथम आला तो ७८ वर्षांनीं, १८६५ सालीं, आणि तोहि ती संस्था बंद करण्याकरितां. हा शब्द कोणीं गाळला, कसा गाळला आणि गाळल्याचा परिणाम काय झाला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परदेशच्या राजकारणाची ही चर्चा ह्या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी वाचक विचारतील. प्रश्न राजकारणाचा असला तरी त्याचीं साधनें आपल्या नित्य परिचयाचीं आहेत: खर्डे, समासांतील टिपा, खोडाखोड, मागाहून सुधारलेलीं टिपणें. शिवाय एक स्वानुभव सांगितला पाहिजे. तरुणपणीं एका खासगी दप्तरांतील पेशवाईच्या काळचा हिशेब मी वाचीत होतों. त्यांत 'कुणबीण' हा शब्द आला. मीं त्याचा अर्थ शेतकऱ्याची बायको असा केला व पुढें गेलों. तीन ओळी खालीं तिची रुपयांत किंमत लिहिलेली पाहिली, तेव्हां ही विकत घेतलेली दासी आहे हें ध्यानांत आलें. लिहिणाऱ्यानें खोटें असें कांहींच लिहिलें नव्हतें. त्याच्या काळीं त्या शब्दाचा तोच अर्थ सर्वांस ठाऊक होता. परंतु दीडदोनशें वर्षांनीं वाचणारास त्या शब्दानें माणूस दिसूं दिलें नाहीं. तेव्हांपासून जुन्या कागदांतील सौम्य शब्दांविषयीं मीं सावध राहूं लागलों. अमेरिकेच्या घटनेचें प्रकरण मला त्या दृष्टीनें फार बोधप्रद वाटतें.

(२)

प्रथम साधनांचा विचार करूं. पहिलें साधन मूळ चर्मपत्र. जेकब शॅलस नांवाच्या लेखनिकानें चार मोठ्या चर्मपत्रांवर घटनेची शुद्ध प्रत लिहिली व त्याबद्दल त्यास ३० डॉलर मिळाले. तीं चर्मपत्रें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. ओळींच्या मध्यें मागाहून घातलेले शब्द कोणते, खरडलेल्या जागेवर लिहिलेले कोणते, याची याद त्यानें शेवटच्या चर्मपत्रावर सह्यांजवळच लिहून ठेविली आहे. इतकी दक्षता आपल्याकडील कारकुनांनीं घेतली असती तर आपले निम्मे वाद मिटले असते.

दुसरें साधन छापील खर्डे. डनलॅप व क्लेपूल या मुद्रकांनीं केवळ सभासदांच्या उपयोगासाठीं ६ ऑगस्टचा व १२ सप्टेंबरचा असे खर्डे छापून दिले. त्यांवर सभासदांनीं आपल्या हातानें दुरुस्त्या केल्या; खुद्द वॉशिंग्टनची अशी प्रत उपलब्ध आहे.

तिसरें साधन जेम्स मॅडिसनचें टिपण. घटनासभा दारें लावून चाले, आणि तेथील भाषणें बाहेर जाऊं द्यावयाचीं नाहींत असा नियम होता. मॅडिसननें सर्व कामकाजाचें सविस्तर टिपण ठेविलें. तो १८३६ सालीं वारला. पुढील वर्षीं काँग्रेसनें त्याच्या विधवेकडून ते कागद ३०,००० डॉलर देऊन विकत घेतले आणि १८४० सालीं ते छापले गेले. हें साधन अत्यंत मोलाचें खरें, पण तें निखळ समकालीन नव्हे. मेरी बिल्डर या विदुषीनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, मूळ कागदांची तपासणी करून, मॅडिसन हें टिपण पुढें अनेक वर्षें सुधारीत होता असें दाखविलें आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचा भाग तर सभा संपल्यावर दोनेक वर्षांनीं लिहून काढला असावा, असें तिचें मत आहे. म्हणून जेथें केवळ मॅडिसनचा आधार आहे तेथें तसें सांगावें, आणि जेथें छापील खर्डा व चर्मपत्र यांची तुलना करतां येते तेथें तिलाच प्रमाण मानावें, हा नियम मीं येथें पाळला आहे.

(३)

आतां तीं तीन कलमें पाहूं.

पहिलें कलम प्रतिनिधींच्या संख्येचें. कोणत्या संस्थानास किती प्रतिनिधी द्यावयाचे हें लोकसंख्येवर ठरावयाचें होतें. दक्षिणेकडील संस्थानांस आपले गुलाम त्या संख्येंत धरून हवे होते, मात्र मताचा अधिकार त्यांस द्यावयाचा नव्हता. तडजोड अशी झाली कीं गुलामांच्या संख्येचा तीन पंचमांश धरावा. परंतु घटनेंत लिहिलें आहे तें 'इतर सर्व व्यक्तींच्या तीन पंचमांश' असें. अगोदर स्वतंत्र माणसांचा उल्लेख आहे. ठराविक मुदतीच्या करारानें बांधलेले चाकर त्यांतच धरले आहेत. कर न देणारे मूळ रहिवासी वगळले आहेत. मग राहिले ते 'इतर'. ते कोण, हें वजाबाकी करून समजून घ्यावयाचें. याच कलमांत एक सूक्ष्म पाठभेद आहे. करारबद्ध चाकरांविषयीं १२ सप्टेंबरच्या छापील खर्ड्यांत 'सर्व्हिट्यूड', म्हणजे दास्य, हा शब्द आहे. चर्मपत्रांत त्या ठिकाणीं 'सर्व्हिस', म्हणजे चाकरी, असा पाठ आहे. मॅडिसनच्या टिपणानुसार हा बदल १३ सप्टेंबर रोजीं एकमतानें झाला, कारण पहिला शब्द गुलामांची स्थिति दाखवितो व दुसरा स्वतंत्र माणसाचें कर्तव्य दाखवितो असें सभासदांस वाटलें. म्हणजे शब्दांतील भेद त्यांस पुरता कळत होता.

दुसरें कलम गुलामांच्या आयातीचें. १८०८ सालापूर्वीं ही आयात काँग्रेसनें बंद करूं नये, असें त्यांत आहे. शब्द मात्र असे कीं, हल्लीं अस्तित्वांत असलेल्या संस्थानांपैकीं कोणास 'ज्या व्यक्तींस' आंत घेणें योग्य वाटेल त्यांचें येणें किंवा आणणें. आफ्रिकेहून साखळदंडांत आणलेला मनुष्य व आपखुषीनें आलेला वसाहतवाला यांस एकच वाक्य पुरलें! मॅडिसनच्या टिपणानुसार २५ ऑगस्ट रोजीं गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हें त्याचें नांव, हुद्दा नव्हे) या सभासदानें सुचविलें कीं हें आडून बोलणें सोडावें; उत्तर कॅरोलिना, दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया या तीन संस्थानांत गुलाम आणण्याविषयींचें हें कलम आहे असें सरळ लिहावें. त्यावर रॉजर शर्मननें आक्षेप घेतला कीं तो शब्द कित्येकांस रुचत नाहीं, त्यापेक्षां वर्णन बरें. मॉरिसनें आपली सूचना परत घेतली.

तिसरें कलम पळून गेलेल्या गुलामांचें. याचा प्रवास तर एका दिवसांत दिसतो. मॅडिसनच्या टिपणानुसार २८ ऑगस्ट रोजीं दक्षिण कॅरोलिनाच्या बटलर व पिंकनी यांनीं मागणी केली ती 'पळालेले गुलाम व चाकर' परत देण्याची. दुसऱ्या दिवशीं बटलरनें जें लेखी कलम आणलें त्यांत 'गुलाम' नाहीं. 'चाकरीस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ति' आहे. पुढें १२ सप्टेंबरच्या खर्ड्यांत 'कायदेशीरपणें' चाकरीस बांधलेली, असें विशेषण होतें. चर्मपत्रांत तें गळून 'एका संस्थानांत, तेथील कायद्यांप्रमाणें' बांधलेली, असें झालें. मॅडिसन कारण देतो कीं पहिल्या शब्दानें गुलामगिरी नीतिदृष्ट्याहि कायदेशीर आहे असा भास होईल अशी कांहींजणांस भीति वाटली.

(४)

हें सर्व कां झालें? वादविवादांत 'गुलाम' शब्द मोकळेपणानें उच्चारला जात होता. मर्यादा होती ती कागदापुरती. आपल्या भाषेंत बांगडी फुटली म्हणत नाहींत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलें न म्हणतां वाढविलें म्हणतात. त्यांत अमंगळाची भीति आहे. अलंकारशास्त्रकारांनीं अश्लील दोषाचे व्रीडा, जुगुप्सा व अमंगळ असे तीन प्रकार सांगितले आहेत. फिलाडेल्फियाची भीति अमंगळाची नव्हती. ती व्रीडेची, म्हणजे लाजेची होती.

याला सभेंतील एका माणसाची साक्ष आहे. जॉन डिकिन्सन हा पूर्वीं स्वतः गुलाम बाळगणारा होता व त्यानें आपले गुलाम सभेपूर्वींच मुक्त केले होते. त्यानें त्या उन्हाळ्यांत स्वतःपुरतें एक टिपण केलें. त्याचा आशय असा कीं आपण जगासमोर हें काम करीत आहों. हा शब्द गाळल्यास, ज्या तत्त्वाची आपणांस लाज वाटते तें लपविण्याचा हा यत्न आहे असेंच लोक समजतील. मेरीलँडच्या ल्यूथर मार्टिननेंहि १७८८ सालीं उघड लिहिलें कीं कानास अप्रिय लागणारे शब्द टाळावयाचे, पण त्या शब्दांनीं दाखविली जाणारी वस्तु मात्र ठेवावयाची, असा हा प्रकार होता. उलट मॅडिसनच्या टिपणांत, माणसांत मालमत्ता असूं शकते ही कल्पना घटनेंत घेणें चुकीचें होईल असें आपण म्हणालों, अशी नोंद आहे. ही नोंद २५ ऑगस्टची, म्हणजे बिल्डरच्या मतें मागाहून लिहिलेल्या भागांतील आहे, हें विसरतां कामा नये. तरीहि एकाच मौनांत लाजहि होती व पुढें ही संस्था जावी अशी कांहींची इच्छाहि होती, असें मानण्यास जागा आहे.

त्याच उन्हाळ्यांत न्यूयॉर्क येथें बसलेल्या जुन्या काँग्रेसनें १३ जुलै रोजीं ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठीं एक कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमांत गुलामगिरीची बंदी आहे, आणि तेथें 'गुलामगिरी' हा शब्द उघड लिहिलेला आहे. त्याच कलमाच्या उत्तरार्धांत त्या प्रदेशांत पळून आलेल्यांस परत देण्याची तरतूद आहे. तेथें मात्र ज्याच्यावर 'श्रम किंवा चाकरीचा' हक्क आहे अशी व्यक्ति, असें लिहिलें आहे. एकाच कलमांत निषेध करावयाचा तेथें शब्द उघडा, आणि आश्रय द्यावयाचा तेथें शब्द झांकलेला. याहून स्पष्ट पुरावा दुसरा नको.

(५)

शब्द गाळल्यानें प्रश्न मिटला नाहीं. तो वाचणाराच्या हवालीं झाला. १८४० सालीं मॅडिसनचें टिपण छापून निघतांच वेंडेल फिलिप्सनें त्याच्या आधारें १८४४ सालीं पुस्तक लिहून, ही घटना म्हणजे गुलामगिरीशीं केलेला सौदा होय, असें प्रतिपादन केलें. १८४५ सालीं लायसँडर स्पूनरनें उलट बाजू मांडली: घटनेंत जें लिहिलें आहे तेंच कायदा, बंद दाराआड कोणाच्या मनांत काय होतें याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर स्पूनर अभिधेवर उभा राहिला व फिलिप्स तात्पर्यावर. दोघेहि गुलामगिरीचे कट्टर शत्रु, हें विशेष. विल्यम लॉइड गॅरिसननें फिलिप्सच्या मताप्रमाणें ४ जुलै १८५४ रोजीं फ्रेमिंगहॅम येथें घटनेची प्रत जाहीर सभेंत जाळली. स्वतः गुलामगिरींतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस प्रथम गॅरिसनच्या पक्षाचा होता. १८५१ सालीं त्यानें मत बदललें, आणि ५ जुलै १८५२ च्या रॉचेस्टर येथील भाषणांत ही घटना स्वातंत्र्याचाच लेख आहे असें सांगितलें. घटनेंत गुलामाचा उल्लेख नाहीं, हाच त्याचा एक मुद्दा होता.

ता. ६ मार्च १८५७ रोजीं ड्रेड स्कॉट याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुख्य न्यायाधीश टॉनी यानें त्यांत असें म्हटलें कीं गुलामावरील मालकीचा हक्क घटनेनें स्पष्ट व उघड शब्दांत मान्य केला आहे. ज्या घटनेंत तो शब्दच नाहीं तींत तो 'उघड शब्दांत' कसा असेल? लिंकननें २७ फेब्रुवारी १८६० रोजीं न्यूयॉर्क येथील कूपर इन्स्टिट्यूटमधील भाषणांत हाच दोष दाखविला. 'गुलाम' नाहीं, 'गुलामगिरी' नाहीं, गुलामाच्या संबंधांत 'मालमत्ता' हा शब्दहि नाहीं. जेथें त्याचा निर्देश आहे तेथें तो 'व्यक्ति' म्हणून आहे, असें त्यानें एकेक करून सांगितलें. हें एका वकिलानें राजकीय व्यासपीठावर केलेलें पाठचिकित्सेचें काम होय. मात्र निष्पक्षपणें हेंहि नमूद केलें पाहिजे कीं गाळलेल्या शब्दानें त्या ७८ वर्षांत पळालेल्या एकाहि गुलामास सर्वोच्च न्यायालयाकडून आसरा मिळवून दिला नाहीं. १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या ३९ लक्षांवर गेली होती. १७९० सालीं साऱ्या देशाची लोकसंख्या होती तितकी!

(६)

गाळलेला शब्द खरोखर कोणता होता, याविषयीं शंका असल्यास ती फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांनींच फेडली. त्यांनीं ११ मार्च १८६१ रोजीं माँटगोमेरी येथें आपली निराळी घटना केली. ती बहुतांशीं जुन्या घटनेची नक्कल आहे. म्हणून दोन पोथ्या शेजारीं ठेवून वाचाव्या तशा ह्या दोन घटना ओळीस ओळ लावून वाचतां येतात. जेथें फिलाडेल्फियाचा पाठ 'इतर सर्व व्यक्तींच्या तीन पंचमांश', तेथें माँटगोमेरीचा पाठ 'सर्व गुलामांच्या तीन पंचमांश'. पळालेल्यांच्या कलमांत 'व्यक्ति' शब्दापूर्वीं 'गुलाम' शब्द नव्यानें घातला आहे. शिवाय निग्रो गुलामांवरील मालकीच्या हक्कास बाध आणणारा कायदा करतां येणार नाहीं, असें एक नवीन वाक्य आहे. लाज संपली तेव्हां शब्द आला. मूळ ग्रंथकर्त्यानें जें झांकलें तें टीकाकारानें उघडें करावें, तशी ही घटना जुन्या घटनेवरील टीकाच आहे, असें म्हटल्यास चालेल.

(७)

यादवी युद्धानंतर, ६ डिसेंबर १८६५ रोजीं, तेराव्या दुरुस्तीस आवश्यक तितक्या संस्थानांची संमति मिळाली, व 'गुलामगिरी' हा शब्द घटनेंत प्रथम आला. त्या दुरुस्तीचे शब्द १७८७ च्या वर सांगितलेल्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यावरून घेतलेले आहेत. त्यांबरोबर त्यांतील एक अपवादहि आला: गुन्ह्याबद्दल रीतसर दोषी ठरलेल्या माणसास शिक्षा म्हणून असेल त्याखेरीज, असा. या अपवादाच्या आश्रयानें दक्षिणेंत कैदी, आणि त्यांत बहुसंख्य काळे, मळ्यांस, खाणींस व रेल्वेच्या कामास भाड्यानें देण्याची वहिवाट पडली. अलाबामा संस्थानांत ती १९२८ सालीं बंद झाली.

हा इतिहास अद्याप संपलेला नाहीं. पुष्कळ संस्थानांच्या स्वतःच्या घटनांतहि असाच अपवाद होता, आणि तो काढण्याकरितां अलीकडे लोकमत घेण्यांत आलें. कोलोरॅडोंत २०१६ सालीं प्रस्ताव थोडक्यांत पडला, कारण मतपत्रिकेवरील भाषा अनेकांस उलगडली नाहीं; भाषा सोपी करून २०१८ सालीं तोच संमत झाला. नेब्रास्का व युटा येथें २०२० सालीं, आणि अलाबामा, ओरेगन, टेनेसी व व्हरमाँट येथें २०२२ सालीं असे प्रस्ताव संमत झाले. लुइझियानांत मात्र २०२२ सालीं प्रस्तावाची भाषा इतकी संदिग्ध झाली कीं मूळ प्रस्तावकानेंच विरुद्ध मत देण्यास सांगितलें. ता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नेव्हाडा व कॅलिफोर्निया या शेजारच्या संस्थानांत एकाच दिवशीं मतदान झालें. नेव्हाडाच्या मतपत्रिकेवर 'गुलामगिरी व सक्तीचें दास्य' असे दोन्ही शब्द होते. तेथें प्रस्ताव संमत झाला. कॅलिफोर्नियाच्या मथळ्यांत 'सक्तीचें दास्य' एवढेंच होतें. तेथें तो पडला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. दोन्हीकडील परिस्थितीहि भिन्न होती. पण २३७ वर्षांपूर्वीं फिलाडेल्फियांत ज्या एका शब्दाविषयीं घालमेल झाली, तोच शब्द लिहावा कीं लिहूं नये याचा परिणाम त्या देशांत अजून विचारांत घ्यावा लागतो, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

(८)

शेवटीं, या प्रकरणाचा आपल्याशीं जो खरा संबंध आहे तो सांगतों. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें व तें अमेरिकेंतील सदाचारी जनतेस, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठीं तिनें दाखविलेल्या स्वार्थत्यागाबद्दल अर्पण केलें. पुस्तकाचें नांव त्यांनीं 'गुलामगिरी' असें ठेविलें. जो शब्द अमेरिकेच्या घटनाकारांस कागदावर नको होता तो त्यांनीं मराठींत मुखपृष्ठावर घातला, आणि तोहि अशा स्थितीस लावला कीं जिला येथें त्या नांवानें कोणी संबोधीत नव्हतें. पुढें १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, आणि आपल्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. ता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं आपल्या संविधानसभेनें जें कलम संमत केलें व जें आज सतरावें आहे, त्याचा पहिलाच शब्द 'अस्पृश्यता' हा आहे. त्याची व्याख्या दिलेली नाहीं, वर्णन केलेलें नाहीं. अवतरणचिन्हांत तो शब्द ठेवून ती नष्ट केली आहे असें सांगितलें आहे. नांव घेतल्यानें वस्तु नाहींशी होते असें नाहीं, हें आपण सर्व जाणतों. परंतु ज्याचें नांव लिहिलें आहे त्याविरुद्ध दाद मागणारास, हें कलम माझ्याविषयींच आहे, हें तरी सिद्ध करीत बसावें लागत नाहीं.

संग्राहक मंडळींस माझी विनंति एवढीच कीं जुना कागद नकलून घेतांना केवळ अंतिम पाठ उतरून थांबूं नये. खोडलेला शब्द, समासांतील फेरफार, 'पोरगी', 'कुणबीण', 'चाकर' असे साधे दिसणारे शब्द आणि त्यांच्यापुढील आंकडे, हें सर्व जसेंच्या तसें टिपून घ्यावें. त्या हिशेबांतील कुणबिणीचें नांव कागदांत नव्हतें, किंमत होती. मीं तेव्हां नकल केली ती पहिल्या तीन ओळींची. पुढें तें दप्तर विखुरलें, आणि ती किंमत किती होती हें आतां मला सांगतां येत नाहीं.